मठातील कवी आणि उसना कॅमेरा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात छायाचित्रांचा एखादा जुना अल्बम असतो. त्याची पाने उलटली म्हणजे कुटुंबाचा सारा धार्मिक इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. कुणाचा स्नानसंस्कार, कुणाचे प्रथम कम्युनियन, कुणाचे लग्न, घरातल्या एखाद्या मुलाची गुरुदीक्षा. नवे कपडे घालून, ओळीने उभे राहून, छायाचित्रकाराला खास बोलावून ही छायाचित्रे काढलेली असतात. या प्रसंगांच्या मध्ये जे हजारो साधे दिवस गेले, त्यांची मात्र एकही खूण अल्बमात सापडत नाही. विहिरीवरची बादली, ओटीवरची खुर्ची, वाडीतून परतल्यावर भिंतीशी टेकवून ठेवलेले फावडे यांच्या आधाराने घरादाराचा संसार चालला. पण त्यांचे छायाचित्र काढावे असे कुणाच्या मनात आले नाही.

कवितेचेही काहीसे तसेच आहे. नाताळ, ईस्टर, धर्मगुरूंचा रौप्यमहोत्सव अशा निमित्तांनी आपल्याकडे उत्साहाने कविता लिहिली जाते. एरवीच्या दिवशी वही उघडून बसणाऱ्याकडे घरची मंडळी जरा साशंक नजरेने पाहतात. श्रद्धावंताने आपला वेळ प्रार्थनेत आणि कष्टात घालवावा, शब्दांशी आणि चित्रांशी खेळत बसणे ही चैन होय, असा समज त्यामागे असतो. हा समज केवळ अडाणीपणाचा आहे असे म्हणता येणार नाही. विसाव्या शतकातील एका थोर कॅथलिक संन्याशानेही तो कितीतरी वर्षे मनात बाळगला होता. तो स्वतः कवी होता, आणि म्हणूनच हा प्रश्न त्याला अधिक बोचत होता. त्या संन्याशाचे नाव थॉमस मर्टन. देवाचा शोध घेणाऱ्याने सौंदर्याचा नाद सोडावा काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात मिळाले, आणि त्या उत्तरात एका उसन्या कॅमेऱ्याचाही वाटा होता.

चित्रकाराचा मुलगा

मर्टन यांचा जन्म 31 जानेवारी 1915 रोजी फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्राद या गावी झाला. वडील ओवेन मर्टन हे न्यूझीलंडचे, व्यवसायाने चित्रकार. आई रूथ अमेरिकन. तीही चित्रकलेचे शिक्षण घेतलेली. डोंगर, दगडी घरे, फळबागा यांच्याकडे टक लावून पाहणारे वडील हे या मुलाचे पहिले शिक्षक होत. आई 1921 मध्ये कर्करोगाने गेली. मेंदूत गाठ होऊन वडीलही 1931 मध्ये लंडनला निवर्तले. सोळाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा पुढे केंब्रिजला एक वर्ष बेशिस्तीत घालवून अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

तेथे त्यांच्या आयुष्यात दोन घटना अशा घडल्या की, त्या आपण मुद्दाम ध्यानात ठेवाव्यात. पहिली घटना एका भारतीय माणसाच्या भेटीची. महानामब्रत ब्रह्मचारी नावाचे एक बंगाली वैष्णव संन्यासी शिकागोला आले होते व तेथील विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. 1938 च्या उन्हाळ्यात मर्टन यांची त्यांच्याशी ओळख झाली. पूर्वेकडचे गूढ ज्ञान या संन्याशाकडून मिळेल अशी मर्टन यांची अपेक्षा असावी. ब्रह्मचारींनी मात्र त्यांना संत ऑगस्टिन यांचे आत्मनिवेदन आणि ‘ख्रिस्तानुकरण’ ही ख्रिस्ती परंपरेतील पुस्तके वाचण्याचा सल्ला दिला. एका हिंदू संन्याशाने एका भरकटलेल्या तरुणाला त्याच्या स्वतःच्या घराचा रस्ता दाखवावा, ही घटना आपल्या देशातील वाचकांना अभिमानाची वाटेल.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील. मर्टन जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या इंग्लिश येशूसंघीय कवीचे चरित्र वाचीत होते. हॉपकिन्स यांनी कॅथलिक होण्याचा निर्णय कसा घेतला हे वाचता वाचता त्यांना राहवेना. पुस्तक मिटून ते पावसात बाहेर पडले, जवळच्या कॉर्पस क्रिस्टी चर्चमध्ये गेले आणि मला कॅथलिक व्हावयाचे आहे, असे त्यांनी धर्मगुरूंना सांगितले. 16 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्यांना चर्चच्या दारापर्यंत आणण्यात एका कवीचा असा हात होता.

कवी की संन्यासी?

ज्या हॉपकिन्स यांच्या चरित्राने मर्टन यांना वाट दाखविली, त्यांनीही हीच वेदना भोगली होती. 1868 मध्ये येशूसंघात प्रवेश करताना आपले काव्यलेखन या जीवनाशी विसंगत आहे असे मानून हॉपकिन्स यांनी आपल्या कविता जाळल्या. त्यानंतर सुमारे सात वर्षे त्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. 1875 च्या डिसेंबरात ‘डॉइचलंड’ नावाचे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. जर्मनीतून निर्वासित होऊन निघालेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी त्यात बुडाल्या. या दुर्घटनेवर कुणीतरी कविता लिहावी असे हॉपकिन्स यांचे वरिष्ठ सहज बोलून गेले आणि तेवढ्या अनुज्ञेवर त्यांची अडलेली लेखणी पुन्हा वाहू लागली. तरीही त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. 1889 मध्ये ते गेले व 1918 मध्ये त्यांचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी त्यांच्या कविता प्रसिद्ध केल्या.

धर्मगुरूने कवी असणे ही गोष्ट आपणा मराठी कॅथलिकांना परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लिश येशूसंघीय धर्मगुरूंनी रचलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. परंतु फादर स्टीफन्स यांची कविता हे त्यांच्या धर्मकार्याचे साधन होते. त्यांच्या श्रोत्यांना तिची गरज होती. मर्टन यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. जेथे बोलणेही शक्य तितके टाळावयाचे, अशा मठात कवितेला जागा कोणती?

10 डिसेंबर 1941 रोजी सव्वीस वर्षांचे मर्टन केंटकी राज्यातील गेथसेमनी मठाच्या दारात उभे राहिले. हा मठ ट्रॅपिस्ट संन्याशांचा. त्या काळी तेथे मध्यरात्रीनंतर दोन वाजता उठावे लागे. संन्यासी एकमेकांशी खुणांच्या भाषेत बोलत. शेतात कष्ट करणे आणि दिवसातून अनेकदा चर्चमध्ये जमून स्तोत्रे गाणे हा त्यांचा दिनक्रम होता. येथे मर्टन यांना फादर लुईस हे नाव मिळाले.

कविता मात्र मठाच्या दाराशी थांबली नाही. ती त्यांच्याबरोबर आत आली. रात्रीची प्रार्थना संपल्यावर पहाटेच्या प्रार्थनेपर्यंत जो शांत वेळ मिळे, त्यात त्यांच्या मनात ओळी जुळू लागत. नवशिष्यांचे गुरू म्हणाले, संत बेनेडिक्ट यांनी हा वेळ स्तोत्रांच्या अभ्यासासाठी राखला आहे. मर्टन यांनी ते मानले. पण वरिष्ठांनी त्यांचे लेखन बंद केले नाही; उलट मठाधिपती फ्रेडरिक डन यांनी त्यांना लिहिण्यास उत्तेजनच दिले. 1944 मध्ये त्यांचा तीस कवितांचा पहिला संग्रह निघाला. त्यांचा धाकटा भाऊ जॉन पॉल 1943 मध्ये युद्धात विमान कोसळून समुद्रात मरण पावला होता. त्याच्यावर लिहिलेली शोककविता आजही त्यांच्या उत्तम कवितांत गणली जाते. 1948 मध्ये ‘द सेव्हन स्टोरी माउंटन’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि जगापासून दूर गेलेला हा संन्यासी जगभर प्रसिद्ध झाला.

बाहेर कीर्ती वाढत असताना आत मात्र झगडा चालू होता. 1947 मध्ये कविता आणि ध्यानमय जीवन या विषयावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी कठोर निष्कर्ष काढला. प्रार्थनेत खोल उतरू पाहणाऱ्या कवीला एका टप्प्यावर कविता अडथळा ठरते, असे त्यांनी म्हटले. देवाच्या सान्निध्याचा अनुभव येऊ लागला की कवीचे मन त्या अनुभवाची कविता करावयास धावते आणि अनुभव निसटून जातो. तेव्हा प्रसंग पडल्यास कवितेचा त्याग करावा, असे त्यांचे त्या वेळचे मत होते.

दहा वर्षांनंतरचे उत्तर

यानंतरच्या दहा वर्षांत मर्टन यांच्या आयुष्यात बाहेरून पाहता फारसे काही घडले नाही. 1949 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1951 पासून ते मठातील विद्यार्थ्यांचे आणि 1955 पासून नवशिष्यांचे गुरू झाले. झाडे लावणे, वर्ग घेणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे असा त्यांचा दिनक्रम होता. पण माणसाचे मत पुष्कळदा अशाच काळात बदलते.

18 मार्च 1958 रोजी मठाच्या कामासाठी ते लुईव्हिल शहरात गेले होते. फोर्थ आणि वॉलनट या रस्त्यांच्या चौकात, खरेदीसाठी निघालेल्या गर्दीत उभे असताना त्यांना एकाएकी जाणवले की ही सारी अनोळखी माणसे आपली आहेत. संन्यासी म्हणजे सामान्य माणसांहून निराळा, अधिक पवित्र, असा जो भेद नकळत मनात रुजला होता, तो त्या चौकात गळून पडला. चौक साधा होता आणि माणसेही रोजचीच होती. पाहणारा तेवढा बदलला होता.

त्याच वर्षी त्यांनी आपला जुना निबंध पुन्हा हाती घेतला आणि त्याची उघड दुरुस्ती प्रसिद्ध केली. देव एका बाजूला आणि त्याने निर्माण केलेल्या वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी फार सोपी वाटणी आपण केली होती, हे त्यांनी मान्य केले. वस्तूंकडे खऱ्या निर्मळपणे पाहणे ही प्रार्थनेपासून दूर नेणारी गोष्ट नव्हे. उलट ती मनुष्याला प्रार्थनेच्या उंबरठ्याशी आणू शकते. कवीपणाचा बळी देणे हाच पवित्रतेचा मार्ग आहे असे मानण्याचे कारण नाही, हे त्यांना उमगले. आपलेच छापून आलेले मत चुकले असे छापून सांगणे कुणाही लेखकाला जड जाते. मर्टन यांनी ते केले, यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसून येतो.

वस्तुतः हे उत्तर त्यांच्या मठात पूर्वीपासून वाचले जात होते. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या एकतिसाव्या प्रकरणात मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या संन्याशाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याने मठातील सर्व भांडी आणि सर्व वस्तू वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानाव्यात, असा तेथे दंडक आहे. स्वयंपाकघरातली कढई आणि मिस्साबलीचा कटोरा यांच्याकडे एकाच आदराने पाहावयास शिकविणारा हा नियम सुमारे पंधराशे वर्षांचा आहे. मर्टन यांनी तो अनेकदा ऐकला असेल. त्याचा अर्थ त्यांना डोळ्यांनी कळला तो मात्र पुढे, कॅमेरा हाती आल्यावर.

देवदूतासाठी केलेली खुर्ची

गेथसेमनीपासून काही अंतरावर केंटकीतच प्लेझंट हिल नावाचे ठिकाण आहे. तेथे एके काळी शेकर या नावाच्या प्रॉटेस्टंट पंथाची वसाहत होती. शेकर लोक ब्रह्मचर्य पाळीत, मालमत्ता सामाईक ठेवीत आणि स्वतः सुतारकाम करीत. त्यांच्या खुर्च्या, टेबले, पेट्या यांवर नक्षीकाम नसे. पण सांध्याला सांधा असा काही जुळविलेला असे की पाहणाऱ्याने पाहत राहावे. ही वसाहत विसाव्या शतकाच्या आरंभीच संपली होती. 1962 च्या जानेवारीत मर्टन तेथील ओस घरांची छायाचित्रे काढण्यास गेले. पुढे शेकर सुतारकामावरील एका ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी म्हटले की, शेकर खुर्चीचे सौंदर्य तिच्या कारागिराच्या श्रद्धेत आहे. एखादा देवदूत येऊन या खुर्चीवर बसेल, असा विश्वास ठेवू शकणाऱ्या माणसाने ती घडविलेली असते.

एका कॅथलिक संन्याशाने दुसऱ्या पंथाच्या सुतारांची अशी मनापासून वाखाणणी करावी, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला आरंभ झाला, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मर्टन यांनी त्या खुर्चीत प्रार्थना पाहिली.

1964 च्या सप्टेंबरात मठाच्या एका पुस्तकाच्या निमित्ताने त्यांना एक साधा कॅमेरा वापरावयास मिळाला. त्यांनी प्रथम कशाचे छायाचित्र काढावे? त्यांच्या कुटीच्या ओसरीवर सीडरच्या झाडाचे एक जुने, वेडेवाकडे मूळ पडले होते. त्या मुळाने त्यांना मोहून टाकले. एरवी चुलीत गेले असते असे ते लाकूड त्यांनी निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या बाजूंनी टिपले. 1965 च्या ऑगस्टमध्ये वरिष्ठांच्या संमतीने ते त्या कुटीत कायमचे राहावयास गेले. सिमेंटच्या ठोकळ्यांची ती लहानशी इमारत, तिच्यापुढची ओसरी आणि सभोवतीचे रान हेच यापुढे त्यांच्या कवितेचे आणि छायाचित्रांचे विषय झाले.

दृष्टी परत मिळालेला मित्र

मर्टन यांच्या या नव्या आवडीला ज्याने खरा आधार दिला, त्या जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. टेक्सासचे हे कॅथलिक लेखक. दुसऱ्या महायुद्धात झालेल्या इजेमुळे त्यांची दृष्टी गेली आणि सुमारे दहा वर्षे ते पूर्ण अंध होते. 1957 मध्ये त्यांना पुन्हा दिसू लागले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी औषधे घेऊन आपली त्वचा काळी करून घेतली व अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय म्हणून प्रवास केला. त्या अनुभवांवरील ‘ब्लॅक लाइक मी’ हे त्यांचे पुस्तक 1961 मध्ये निघाले आणि खूप गाजले. अंधत्व भोगलेल्या या माणसाला छायाचित्रणाची ओढ लागली यात नवल नाही. पाहणे म्हणजे काय याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

मर्टन यांची छायाचित्रे काढावयास म्हणून ग्रिफिन मठात येत. आपल्या या मित्राला कॅमेऱ्याविषयी किती कुतूहल आहे हे त्यांनी ओळखले आणि 1968 च्या आरंभी आपला एक कॅनन कॅमेरा त्यांना वापरावयास दिला. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या मर्टन यांच्या मालकीचे काही असणे शक्य नव्हते. म्हणून तो उसनाच राहिला. मर्टन त्याला गमतीने ‘झेन कॅमेरा’ म्हणत. आपल्या नजरेतून सुटलेल्या गोष्टींची हा कॅमेरा आपल्याला आठवण करून देतो, असे त्यांनी कौतुकाने लिहिले आहे.

काढलेल्या फिल्म ते ग्रिफिन यांच्याकडे पाठवीत. तेथे त्या धुऊन सर्व चित्रांचे लहान ठसे एका कागदावर काढले जात. मोठी करावयाची चित्रे मर्टन खुणा करून कळवीत. त्यांची निवड पुष्कळदा अनुभवी ग्रिफिन यांना कोड्यात टाकी. जे चित्र ग्रिफिन यांना उत्कृष्ट वाटे ते वगळून मर्टन दुसरेच एखादे मागवीत. प्रेक्षणीय चित्रात त्यांना रस नव्हता. पाण्याची झारी, रंगाचे रिकामे डबे, लाकडी खुर्ची, गोठ्याच्या फळ्यांवरील ऊन, बर्फातून वर आलेली सुकलेली गवताची काडी, भिंतीवर पडलेली सावली, असे त्यांचे विषय. ही चित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत. वस्तू सजवून मांडावयाची, प्रकाश हवा तसा पाडावयाचा, असे काही त्यांनी केले नाही. वस्तू जशी आहे तशी राहू द्यावयाची आणि ती आपणाला काय दाखविते याची वाट पाहावयाची, ही त्यांची पद्धत.

त्यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर क्रेनचा एक भला मोठा लोखंडी आकडा तेवढा लटकताना दिसतो. देवाचे उपलब्ध असलेले एकमेव छायाचित्र, असे नाव मर्टन यांनी त्याला मिस्किलपणे दिले. या विनोदात एक गंभीर इशारा दडला आहे. देव कुठल्याही चौकटीत मावत नाही. ज्याला त्याचे चित्र काढता येते असे वाटते, त्याच्या हाती आकडाच लागतो.

याच काळात लेक्झिंग्टन गावी चष्म्यांचा व्यवसाय करणारे युजीन मीटयार्ड हे छायाचित्रकार त्यांचे मित्र झाले आणि त्यांनी मर्टन यांची शंभराहून अधिक छायाचित्रे काढली. 1968 मध्येच मर्टन यांनी ‘मंक्स पाँड’ नावाचे एक छोटे नियतकालिक मठातून काढले. कविता, गद्य आणि काही छायाचित्रे असे त्याचे स्वरूप होते. चारच अंक काढावयाचे आणि थांबावयाचे असे त्यांनी आरंभीच ठरविले होते. त्याप्रमाणे वर्षाच्या चार ऋतूंचे चार अंक निघाले. तुटपुंज्या साधनांवर त्रैमासिक चालविणाऱ्यांना आणि ते आवडीने वाचणाऱ्यांना ही माहिती जवळची वाटेल.

डोंगराची दुसरी बाजू

1968 च्या ऑक्टोबरात मर्टन आशियाच्या प्रवासाला निघाले. तो उसना कॅमेरा त्यांच्यासोबत होता. कोलकात्यातील सर्वधर्मीय परिषदेत भाग घेऊन ते दिल्लीमार्गे धरमशाला येथे गेले आणि 4, 6 व 8 नोव्हेंबर रोजी दलाई लामांना भेटले. तेथून ते दार्जिलिंगच्या परिसरात पोहोचले आणि मिम नावाच्या चहामळ्यातील बंगल्यात काही दिवस एकांतासाठी राहिले.

त्या ठिकाणाहून कांचनगंगा समोर दिसते. सर्दीने बेजार झालेल्या मर्टन यांना त्या शिखराचा प्रथम कंटाळाच आला. हजारो पोस्टकार्डांवर छापले गेलेले ते दृश्य त्यांना जुनेपुराणे वाटू लागले. एका रात्री त्यांना स्वप्न पडले. त्यात त्यांनी शुभ्र कांचनगंगा पाहिली आणि या डोंगराला दुसरीही बाजू आहे असे शब्द ऐकले. जागे झाल्यावर त्यांनी रोजनिशीत नोंद केली की, प्रत्येक डोंगराला छायाचित्रात न आलेली अशी एक बाजू असते आणि तीच पाहण्याजोगी असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलून त्या शिखराची छायाचित्रे काढली. पण कॅमेरा खरा डोंगर पाहू शकत नाही, हेही लिहून ठेवले. साधनाचा मनसोक्त उपयोग करावा आणि त्याची मर्यादाही विसरू नये, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस ते मद्रासला आले. प्रेषित थोमा यांच्या स्मृतीने पावन झालेल्या सेंट थॉमस माउंट या टेकडीचे त्यांनी दर्शन घेतले, महाबलीपुरमची शिल्पे पाहिली आणि तेथून ते सिलोनला गेले. पोलोन्नारुवा येथील भव्य बुद्धमूर्तींसमोर ओल्या गवतातून अनवाणी चालताना त्यांना जो प्रसन्नतेचा अनुभव आला, त्याचे वर्णन त्यांच्या रोजनिशीत आहे. त्या मूर्तींची छायाचित्रेही त्यांनी काढली. आपण ज्याचा शोध घेत होतो ते आपल्याला दिसले, असे त्यांना वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, 10 डिसेंबर 1968 रोजी, बँकॉकजवळ भरलेल्या कॅथलिक संन्याशांच्या परिषदेत सकाळी व्याख्यान दिल्यावर ते विश्रांतीसाठी खोलीत गेले. दुपारी ते मृतावस्थेत आढळले. नादुरुस्त विजेच्या पंख्याचा धक्का बसून त्यांचा अंत झाला असे मानले जाते. त्या दिवशी त्यांच्या मठप्रवेशाला बरोबर सत्तावीस वर्षे पूर्ण झाली होती. वय अवघे त्रेपन्न. गेथसेमनीच्या दफनभूमीत, इतर संन्याशांप्रमाणेच एका साध्या क्रुसाखाली त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्यामागे एक हजाराहून अधिक छायाचित्रे राहिली. ती आज लुईव्हिलमधील बेलरमाइन विद्यापीठातील मर्टन केंद्रात जतन केलेली आहेत. ग्रिफिन यांनी 1970 मध्ये त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1980 मध्ये देबा प्रसाद पटनाईक या भारतीय अभ्यासकाने दुसरा ग्रंथ संपादित केला. मर्टन यांची आशियाची रोजनिशी 1973 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या संपादनात कवी अमिय चक्रवर्ती यांचे साह्य झाले होते. तरुणपणी ब्रह्मचारींच्या भेटीने जोडले गेलेले भारताचे नाते असे त्यांच्या मृत्यूनंतरही टिकून राहिले. 24 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकन काँग्रेसपुढे भाषण करताना पोप फ्रान्सिस यांनी चार थोर अमेरिकनांची नावे आदराने घेतली. त्यांत अब्राहम लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि डोरोथी डे यांच्यासोबत थॉमस मर्टन यांचे नाव होते.

आपल्या ओटीवर

मर्टन यांच्या या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी फारच थोडे जण त्यांच्याएवढे विद्वान किंवा प्रतिभावंत असतील. पण त्यांनी जे पाहिले ते पाहण्यासाठी विद्वत्तेची आवश्यकता नव्हती. झारी, खुर्ची, झाडाचे मूळ, भिंतीवरची सावली, यांतील एकही वस्तू अशी नाही की जी आपल्या घरी किंवा वाडीत सापडणार नाही. कविता आणि छायाचित्र या दोहोंसाठी त्यांनी एकच अट पाळली. ती म्हणजे थांबणे. मर्टन यांच्या कॅमेऱ्यात एका वेळी मोजकीच चित्रे मावत. म्हणून कळ दाबण्यापूर्वी त्यांना पाहावे लागे. आज घरातल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईलमधला कॅमेरा आहे आणि चित्रांना अंत नाही. आपण पाहण्याच्या आधीच कळ दाबतो व मग ते चित्र पुन्हा कधी उघडूनही पाहत नाही.

मर्टन यांना ज्या प्रश्नाने छळले, त्याचे उत्तर त्यांनी आपल्यासाठीही शोधून ठेवले आहे असे मला वाटते. रोजच्या वस्तूकडे आदराने पाहणारा मनुष्य देवाच्या वाटेपासून ढळत नाही. देवाने पहिल्या सहा दिवसांत जे निर्माण केले, ते चांगले आहे असे त्याने स्वतः पाहिले, अशी उत्पत्तीच्या पुस्तकाची साक्ष आहे. त्या पाहण्यात थोडासा भाग घेणे, हेच कवीचे आणि छायाचित्रकाराचे काम होय. संध्याकाळची रोझरी आटोपल्यावर एखादी ओळ वहीत लिहून ठेवणारी गृहिणी किंवा आजोबांच्या कुदळीचे छायाचित्र काढणारा शाळकरी मुलगा वेळ वाया घालवीत नाही.

यात विलंब करून चालणार नाही, हेही खरे. आपल्या भोवतालच्या कितीतरी वस्तू डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत. वाड्यांतील बावखले बुजविली जात आहेत, विहिरींवर सिमेंटची झाकणे बसली आहेत, कौलारू घरांच्या जागी इमारती उठल्या आहेत. ज्या आजीच्या बोलीतले शब्द आपण हसण्यावारी नेले, ती आजी आता थकली आहे. तिच्या लग्नाचे छायाचित्र आपल्या अल्बमात असेल. भाजी निवडणाऱ्या तिच्या हातांचे छायाचित्र मात्र कुणाजवळही नसेल. ते काढण्यासाठी समारंभाची वाट पाहावयास नको. ओटीवर सकाळचे ऊन आलेले असते आणि आजी तेथेच बसलेली असते.